मालक डॉक्टर, सीटखाली चिक्की

सेकंडहँड गाडीच्या जाहिरातीतला मालक नेहमी डॉक्टर असतो. ‘डॉक्टर ओन्ड, सिंगल हँड, शोरूम कंडिशन.’ वाशीपासून पनवेलपर्यंत विकायला उभ्या असलेल्या गाड्यांच्या या जाहिराती खऱ्या धरल्या, तर नवी मुंबईत पेशंटपेक्षा डॉक्टर जास्त निघतील आणि ते सगळे आपापल्या गाड्या विकून सध्या रिक्षाने दवाखान्यात जात असतील. पूर्वी मुंबईत हा मान पारशी बावांचा होता. पारशाची गाडी म्हणजे रविवारी सकाळी स्वतः पुसलेली, चाळीसच्या वर कधी न गेलेली, असा बाजाराचा पक्का समज. पारशी कमी होत गेले, तशी त्यांच्या जागी डॉक्टरांची नेमणूक झाली. खाडीच्या अलीकडे आम्ही त्यात एक स्थानिक भर घातली आहे, ती म्हणजे ‘बीएआरसीच्या सायंटिस्टची गाडी’. अणुशक्तिनगरातून निवृत्त झालेली बरीच मंडळी वाशी-नेरूळला राहायला आली हे खरं आहे. पण त्यांतल्या प्रत्येकाने किमान सहा-सहा गाड्या विकल्याखेरीज बाजारातल्या दाव्यांचा हिशेब काही लागत नाही.

आरसीवर मालकाचं नाव असतं, पत्ता असतो, चासी नंबर आणि इंजिन नंबर असतो. पण त्या घरात रोज काय खात होते, पोरगं कितवीत होतं, गाडी खरोखर कोण चालवत होतं, यातलं आरसीवर काही नसतं. ही माहिती पुढच्या सीटच्या पटरीत, मागच्या सीटच्या फटीत आणि स्टेपनीच्या खड्ड्यात जमा होत असते. विकणारा डॅशबोर्ड पुसतो, काचा चमकवतो, टायरांना काळं पॉलिश मारतो, वर एक लिंबाच्या वासाचा डबा लटकवतो. पटरीत हात मात्र कोणी घालत नाही.

माझा मेहुणा कोपरखैरण्याला राहतो. त्याला गाडी घ्यायची होती, आणि सेकंडहँडच घ्यायची होती, कारण नवी गाडी शोरूमच्या दाराबाहेर आली की तिथल्या तिथे तिची किंमत दोन लाखांनी उतरते असं त्याला कोणीतरी पटवलं होतं. पटवणारा स्वतः सेकंडहँड गाड्यांचा एजंट होता, ही गोष्ट त्याने मनावर घेतली नव्हती. पासिंगही त्याला एमएच ४३ चंच हवं होतं. ठाण्याची एमएच ०४ नको, कारण ती घोडबंदरच्या खड्ड्यांत खिळखिळी झालेली असते. पनवेलची एमएच ४६ तर मुळीच नको. ‘दाजी, सेहेचाळीस घेऊन सोसायटीत शिरलो, तर लोकांना वाटेल, विमानतळात जमीन गेली. दुसऱ्या दिवशी उसने मागायला येतील.’

मला गाडीतलं काही कळत नाही. तरी तो मला बरोबर न्यायचा, कारण ट्रायल घेताना मागे बसून ‘आवाज येतोय बरं का’ असं म्हणणारा एक वडीलधारा माणूस लागतो. भाव पाडायला तो उपयोगी पडतो. आवाज येत असलाच पाहिजे असं नाही. पण दोन आवाजांच्या मधल्या काळात मागे बसणाऱ्याला काहीच काम नसतं, आणि मग हात आपोआप सीटच्या फटीत जातो. माझं सगळं संशोधन या रिकामपणातून झालेलं आहे.

डीलरकडे गाड्या धुणारा विशीतला एक पोरगा होता. त्याला सगळे बारक्या म्हणत. गाडी आली की आधी बारक्याच्या हाती जायची, मग शेठच्या. आत सापडलेल्या मालाच्या वाटणीचा तिथला रिवाज ठरून गेलेला होता. नाणी बारक्याची, नोटा शेठच्या, कागद कचऱ्याचे आणि देव कोणाचेच नाहीत. बाकी चिल्लर ऐवज एका खोक्यात जायचा. ते खोकं त्याने मला मोठ्या प्रेमाने दाखवलं. त्यात एका पायाचे लहान मुलांचे मोजे होते, कंपासपेटीतले कोनमापक होते, संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाटलेली प्लॅस्टिकची गाळणी होती, वाचायचे चष्मे तर इतके होते की एखादं ज्येष्ठ नागरिक मंडळ भागलं असतं. एक कवळीही होती. तिच्या मालकाचा फोन नंबर शेठकडे होता, पण ‘तुमचे दात आमच्याकडे आहेत’ हे फोनवर कसं सांगायचं यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. ऐकणाऱ्याला ती धमकी वाटली असती.

‘एवढं कसं विसरतात रे लोक?’ मी विचारलं.

‘विसरत नाय सायेब. त्यांना वाटतं, घरी हरवलं.’

आपली माणसं विसरण्यात कोणाला हार जात नाहीत, याला बाहेरचा पुरावाही आहे. उबर ही टॅक्सीवाली कंपनी प्रवाशांनी गाडीत विसरलेल्या वस्तूंची दरवर्षी यादी काढते आणि विसराळू शहरांचे नंबर लावते. २०२५ च्या यादीत मुंबई पहिली आली. विसरलेल्या वस्तूंत पंचवीस किलो गाईचं तूप होतं. पंचवीस किलो तूप विसरून घरी जाणारा माणूस दारात बायकोला काय म्हणाला असेल, हे त्या यादीत नाही, आणि खरं वाचायचं होतं ते तेवढंच. टॅक्सीत मात्र एक सोय असते. ड्रायव्हर मागे वळून विचारतो, ‘साहेब, काही राहिलं नाही ना?’ स्वतःच्या गाडीत असं विचारणारं कोणी नसतं, त्यामुळे तिथे वस्तू आठ-आठ, दहा-दहा वर्षं निवांत राहतात आणि मालक बदलला तरी जागा सोडत नाहीत.

यांतल्या काही वस्तू तर थेट साक्षीलाच उभ्या राहतात. चार आण्याचं नाणं घ्या. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. मेहुण्याने पाहिलेल्या एका गाडीचं मॉडेल २०१५ चं होतं आणि ड्रायव्हरच्या सीटच्या शिवणीत चार आण्यांची दोन नाणी निघाली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. देवाला वाहायची राहिली असतील म्हणालो. बारक्याने नाणी खिशात टाकली आणि सीटखाली वाकून बोल्ट पाहिले. ‘सीट या गाडीची नाय. कुर्ल्याची हाय.’ कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात, हे मुंबईत गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आता चांगल्या गाडीची पुढची सीट कोणी हौसेने बदलत नाही. जाहिरातीत ‘नॉन-ॲक्सिडेंट’ लिहिलं होतं. शेठ म्हणाले, पहिल्या मालकाला कंबरदुखी होती. मालक अर्थातच डॉक्टर होते, ऑर्थोपेडिक.

देवांचा प्रश्न याहून नाजूक. गाडी घेतली की पहिल्या दिवशी पूजा होते, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं आणि डॅशबोर्डवर देवाची स्थापना होते. स्थापनेचा विधी सगळ्यांना पाठ आहे. गाडी विकताना त्या देवाचं काय करायचं, याचा विधी कुठल्याच पोथीत नाही. बँकेचा बोजा उतरवायला आरटीओचा फॉर्म ३५ आहे. देव उतरवायला फॉर्म नाही. मग विकणारा म्हणतो, घेणारा काढेल. घेणारा म्हणतो, कशाला उगाच विषाची परीक्षा. डीलर तर हातच लावत नाही. अशा रीतीने तिसऱ्या मालकाकडे आलेल्या एका गाडीत डॅशबोर्डवर गणपती, त्याच्या शेजारी साईबाबा, आरशाला रोझरीची माळ आणि मागच्या काचेवर ‘आई एकविरा प्रसन्न’ अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदाने नांदताना मी पाहिली. गणपतीच्या खालचा डिंक इतका मुरला होता की काढायला गेलं असतं तर डॅशबोर्ड निघाला असता.

मेहुण्याला ही गाडी घ्यायची होती ती केवळ त्या मागच्या काचेसाठी. नवी मुंबई वसली ती आगरी-कोळ्यांच्या गावांच्या जमिनीवर आणि खाडीवर, आणि कार्ल्याची एकविरा ही या गावांची आई. ‘दाजी, दिवाळे गावात मासळी घ्यायला गेलो की पार्किंगवरून कोणी एक शब्द बोलायचं नाही.’ देवीकडे पार्किंगचं काम देणं मला जरा संकोचाचं वाटलं. पण त्याच्या बायकोने गाडी नाकारली ती वेगळ्याच कारणाने. चार देवांच्या समोर बसून नवऱ्याला ट्रॅफिकमध्ये शिव्या देता येणार नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं.

विसरलेल्या वस्तूंमुळे पैशांचं नुकसान कसं होतं, ते आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना विचारावं. त्यांनी घेतलेल्या जुन्या वॅगनआरच्या मागून आवाज यायचा. साधा खडखडाट नव्हता तो. गाडी डावीकडे वळली की गडगडगड, मग टक. उजवीकडे वळली की पुन्हा गडगडगड, टक. पाम बीच रोडवर सरळ जाताना चिडीचूप, आणि खारघरच्या उत्सव चौकात गोल फिरताना पूर्ण वेळ गडगडाट. काका मेकॅनिककडे गेले. त्याने लिंक रॉड बदलला. आवाज गेला नाही. मग बुश बदलले. मग मागचे दोन्ही शॉक-अब्सॉर्बर. प्रत्येक बिलानंतर मेकॅनिक बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, ‘आता बघा काका.’ काका बघायचे आणि उत्सव चौकात पुन्हा ऐकायचे. पुढे पुढे ते तो चौक टाळून लांबून जायला लागले. काकूंनी तर गाडीला बाधा आहे असं जाहीर करून टाकलं.

एका रविवारी कामोठ्याजवळ टायर पंक्चर झालं. डिकीतला पत्रा उचलून स्टेपनी काढली, तर तिच्या खालच्या खड्ड्यात एक नारळ. लाल खणात गुंडाळलेला, वर हळदीकुंकू. आतलं पाणी केव्हाच आटलेलं आणि गोटा सुटून आतल्या आत खुळखुळत होता. मागच्या मालकिणीची कधीतरी कोणी ओटी भरली असणार, ती घाईघाईत डिकीत ठेवली असणार, आणि तिथून तो नारळ घरंगळत जाऊन स्टेपनीखाली स्थायिक झाला असणार.

त्या नारळाचं काय करायचं, यावर घरात जी चर्चा झाली ती आम्हाला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होती. काकूंचं म्हणणं, दुसऱ्या सवाष्णीच्या ओटीचा नारळ, आपण फोडायचा नाही. काकांचं म्हणणं, हा नारळ मला अकरा हजार रुपयांना पडलेला आहे आणि मी त्याची चटणी खाणार आहे. मेकॅनिकची तिन्ही बिलं त्यांनी टेबलावर मांडली होती. शेवटी नारळ निर्माल्य कलशात गेला. काका अजूनही इडली खाताना मध्येच थांबतात.

आता चिक्कीकडे येतो. ही गाडी जाहिरातीप्रमाणे डॉक्टरचीच होती, एकच मालक, मीटर एक्केचाळीस हजार. पांढरी, चकचकीत, मेहुण्याच्या डोळ्यांत भरलेली. मी मागे बसलो आणि सवयीने फटीत हात घातला. लोणावळ्याच्या चिक्कीचा कागद आला. त्यात काय नवल, पुण्याला जाणारा प्रत्येक जण चिक्की घेतो. पण चिक्कीचा चुरा पुढच्या सीटखाली होता, मागच्या सीटखाली डावीकडे, मधे आणि उजवीकडे होता, आणि सगळीकडे सारख्याच प्रमाणात होता. एका कुटुंबात असं होत नाही. कुटुंबात सांडणारा एकच असतो आणि तो कुठे बसतो हे ठरलेलं असतं.

मग मधला खण उघडला. त्यात टोलच्या पावत्यांची गड्डी. फेब्रुवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि हळूहळू या पावत्या दिसेनाशा झाल्या. एरवीही त्या टिकत नाहीत. थर्मल कागदावरची छपाई उन्हाने उडून जाते आणि उरतो नुसता पांढरा कागद. या पावत्या खणातल्या अंधारात होत्या, म्हणून वाचता आल्या. सकाळी खालापूर, मग उर्से. दुपारी उर्से, मग खालापूर. संध्याकाळी परत खालापूर. तारीख तीच. दुसऱ्या दिवशीच्या पावत्यांतही हेच.

‘डॉक्टर दिवसातून दोनदा पुण्याला का जात होते?’ मी शेठना विचारलं.

‘व्हिजिटिंग असतील,’ शेठ म्हणाले.

डिकीत स्टेपनीखाली एक पुठ्ठा होता. त्यावर जाड मार्करने ‘पुणे – स्वारगेट – एसी’. ज्याने कळंबोलीला रस्त्याकडेला उभं राहून ‘पुणे, पुणे, पुणे, एक सीट’ ही आरोळी ऐकली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. एक सीट नेहमीच कमी असते, कितीही माणसं बसली तरी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. दोनदा जाऊन-येऊन दिवसाचे पावणेचारशेच्या वर होतात. म्हणजे शंभर दिवसांत अडतीस हजारांच्या घरात. मीटरवर एक्केचाळीस. उरलेले तीन हजार किलोमीटर डॉक्टरांनी उरलेल्या सात वर्षांत अगदी जपून चालवले असणार. मेहुण्याने हा हिशेब शेठना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवला. शेठनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाले, ‘हायवे रनिंग आहे. इंजिन एकदम फ्री असतं.’

सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक चोर बसलेला असतो. त्याला वाटत असतं, सीटखाली पाटली सापडेल, निदान एक अंगठी. मेहुणाही दर गाडीत मॅट उचलून बघायचा आणि ‘गंज पाहतोय’ म्हणायचा. त्याला एकदा गाडीच्या मॅन्युअलच्या पानांत पाचशेच्या नोटा मिळाल्या. क्षणभर चेहरा उजळला. मग लक्षात आलं, या ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मेलेल्या नोटा. कोणीतरी पोलिसांसाठी म्हणा, टोलसाठी म्हणा, अडीअडचणीला म्हणून ठेवल्या असतील आणि बँकेच्या रांगेत तास न् तास उभं राहताना नेमक्या याच आठवल्या नसतील. सापडल्या त्याही जपून मोजाव्या लागतात. २०१७ च्या कायद्याने अशा रद्द नोटा दहापेक्षा जास्त जवळ बाळगणं गुन्हा आहे आणि दंड दहा हजार रुपयांपर्यंत किंवा नोटांच्या रकमेच्या पाचपटीपर्यंत, यांतलं जे जास्त असेल तेवढा होऊ शकतो. म्हणजे सापडलेल्या पाच-साडेपाच हजारांपायी घरचे दहा हजार किंवा त्याहूनही जास्त जायचे. मेहुण्याने नोटा मोजल्या, दहाच्या आत भरल्या, आणि तो पुढच्या गाडीत दोन हजारांची नोट शोधायला लागला. तिचं वेगळं आहे. ती मे २०२३ मध्ये मागे घेतली, पण मेलेली नाही. बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेत ती घेतात, आणि बेलापूर रिक्षाच्या अंतरावर. नवी मुंबईत राहण्याचा हा फायदा सिडकोने कधी जाहिरातीत घातला नाही.

सोनं सापडलंच तर ते कोणाचं? मी घरी येऊन कायदा वाचला. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचं कलम ७१ म्हणतं की सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ त्यापुढे जातं. मालक माहीत असताना, किंवा शोधण्यासारखा असताना, वस्तू गिळली तर तो गुन्हा. इथे गाडीची गोची आहे. रस्त्यात पडलेल्या रुपयाचा मालक कोण, हे देव जाणे. गाडीत सापडलेल्या अंगठीचा मालक मात्र आरसीवर नाव-पत्त्यासकट छापलेला असतो. ‘सापडला नाही’ म्हणायची सोयच नाही. मेहुण्याने तरी हार मानली नाही. १८७८ चा एक गुप्तधनाचा कायदा आहे, त्यात दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं आणि शोधणाऱ्याला वाटा मिळू शकतो, हे त्याने कुठूनसं काढलं. पण ते गुप्तधन जमिनीत पुरलेलं असावं लागतं. ‘दाजी, मॅटखाली अलिबागची एवढी वाळू आहे. जमीनच समजा.’

हल्ली वस्तू कमी विसरतात. आता लोक स्वतःलाच गाडीत विसरून जातात. माझ्या एका मित्राने गाडी विकली, कागद दिले, पेढे घेतले, आणि काचेवरचा फास्टॅग बंद करायचा राहून गेला. महिनाभर नवा मालक टोल ओलांडायचा आणि पैसे माझ्या मित्राच्या खात्यातून जायचे. मोबाइलवर मेसेज यायचा. नाशिक. कोल्हापूर. मग परत कोल्हापूर. पहिल्या आठवड्यात तो चिडला. दुसऱ्या आठवड्यात त्याला नव्या मालकाचा कार्यक्रम पाठ झाला. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस एकही मेसेज आला नाही, तर हा जेवताना बायकोला म्हणाला, ‘गाडी घरीच दिसतेय. बरं नाही वाटतं त्याला.’ मग गाडीच्या नावावर ई-चलान आलं, फोटोसकट. नाव अजून बदललेलं नव्हतं. फोटोत गाडीला नवे सीटकव्हर दिसत होते. ‘रंग चांगला घेतलाय,’ मित्र म्हणाला, आणि दंडाचा आकडा त्यानंतर पाहिला.

एका गाडीच्या स्क्रीनवर नकाशात ‘होम’ साठवलेलं होतं. मेहुण्याने ते दाबलं, तर बाई अतिशय आपुलकीने म्हणाली, शीळफाट्याकडून डावीकडे वळा, आणि डोंबिवलीला घेऊन निघाली. ब्लूटूथच्या यादीत ‘मम्मी नवीन’, ‘मम्मी जुना’ आणि ‘पप्पा उचलू नको’ अशा तीन नोंदी होत्या. त्या घराविषयी याहून जास्त मला कळून घ्यायचं नव्हतं. न्यूझीलंडमधल्यांची याहून वाईट गत असते म्हणे. तिथे रस्त्यावर जपानहून आलेल्या जुन्या गाड्या भरपूर. चावी फिरवली की गाडी जपानीत काहीतरी अदबीने सांगते. बहुतेक वेळा ती टोलचं कार्ड घातलेलं नाही एवढंच कळवत असते. ऐकणारा वर्षानुवर्षं ‘थँक यू’ म्हणून पुढे जातो.

उंदरांचं राहिलं. बॉनेटखाली तंबाखूची पुडी सापडली, तर मालक व्यसनी होता असं समजू नये. वायरी कुरतडल्या जाऊ नयेत म्हणून आपल्याकडे ती ठेवतात. एअर फिल्टरच्या डब्यात मात्र कांद्याची सालं, थर्माकोल आणि कुत्र्याचं खाणं असा व्यवस्थित रचलेला संसार निघाला, तर तंबाखूचा उपयोग झालेला नाही हे समजावं.

शेवटी शेठनी एक गाडी दाखवली. निळी, मॉडेल अलीकडचं, भावही बरा. मी मागे बसलो. फटीत हात घातला, काही नाही. पटरीत काही नाही. खणात काही नाही, वायझरमागे काही नाही, शेंगदाण्याचं एक साल नाही. इतकं स्वच्छ घर मी फक्त पाहुणे यायच्या दिवशी पाहिलं आहे. मेहुणा खूश होता. ‘बघा दाजी, माणूस किती टापटिपीचा!’

बारक्याने मला खिडकीतून खूण केली. ‘नका घेऊ.’

‘का रे?’

‘मी धुतली नाय. अशीच आली.’

त्याने मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत ओढत शेवटपर्यंत बाहेर काढला. वरचा भाग कोरा करकरीत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मात्र एक मातकट रेघ होती, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. पाणी तिथवर चढलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि अख्ख्या मुंबईच्या गाड्या बुडाल्या. तेव्हापासून जुन्या मेकॅनिकांची ही परीक्षा आहे. बाहेरून सगळं धुता येतं, गुंडाळलेला बेल्ट कोणी धूत नाही. पूर आता कुठे ना कुठे दरवर्षी येतो आणि गाड्या राज्य बदलून, वास मारून, ‘लेडीज ड्रिव्हन’ होऊन येतात.

मेहुण्याने मग सीटखाली शेंगदाणे असलेली एक करडी गाडी घेतली. एमएच ४३, एक पोरगं, शाळा वाशीची, वडील विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाला जाणारे, तिकिटं वायझरमागे. मालक इन्शुरन्स एजंट होते, आणि जाहिरातीतही इन्शुरन्स एजंटच लिहिलं होतं. त्यामुळे आमचा विश्वास बसला. भाव पाच हजारांनी उतरला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, टोकनचे पैसे गेले. आणि मग पुढच्या सीटखालून एक छत्री निघाली. नवीकोरी, बटण दाबून उघडणारी, बाहेर पाऊस.

नाणी, नोटा, कागद आणि देव यांचे निकाल ठरलेले होते. छत्रीबद्दल रिवाज नव्हता. शेठ म्हणाले, व्यवहार गाडीचा झाला, छत्री त्यात धरलेली नाही. मेहुणा म्हणाला, ‘जशी आहे तशी’ असं तुम्हीच पावतीवर लिहिलंय, आणि गाडी छत्रीसकट तशी आहे. शेठनी आरसी काढली, त्यावर छत्रीचा उल्लेख नव्हता. मेहुण्याने मला कलम ७१ सांगायला लावलं. शेठनी जुन्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, छत्री आमची नाही, पण सापडलीच असेल तर पाठवून द्या. चहा आला. दुसरा चहा आला. बारक्या गाडीला शेवटचं फडकं मारून आत आला, छत्रीकडे पाहिलं, तिघांकडे पाहिलं.

‘माझी हाय ती,’ म्हणाला, ‘सकाळपासनं शोधतोय.’